जर्मलची टाकी

“ते जर्मलचं भगुनं दे गं इकडं,” सगुणाबाई म्हणाल्या आणि मांडणीकडे गेलेला गंधालीचा हात तिथेच थांबला.

भगुनं समोरच होतं. बुडाला काळं पडलेलं, कडेला पोचा आलेलं ॲल्युमिनियमचं भगुनं, सासूबाईंनी टेंभुर्णीहून येताना हट्टानं पिशवीत घालून आणलेलं. दूध यातच तापवायचं, स्टीलला लागतं, हा त्यांचा नियम. रोज सकाळ-संध्याकाळ गंधाली ते उचलायची आणि रोज सासूबाई त्याला जर्मलचं म्हणायच्या. तिला त्यात ऐकण्यासारखं काही वाटत नसे. अंबडला माहेरीसुद्धा आजी असंच म्हणायची. ॲल्युमिनियमला जर्मन म्हणणारी माणसं या भागात घरोघरी आहेत आणि ते जर्मन बोलता बोलता जर्मल होतं. पण आज तो शब्द कानात शिरला आणि आत आधीच बसलेल्या दुसऱ्या एका शब्दावर जाऊन आदळला. जर्मलची टाकी. थोड्या वेळापूर्वी फोनवर तो माणूस हेच म्हणाला होता. आणि आपण हसलो होतो. “काय झालं गं? इंगळी चावल्यावानी काय उभी राह्यलीस?” सासूबाई विचारत होत्या आणि गंधालीला त्यांचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

फोन मार्तंडचा, तिच्या नवऱ्याचा होता. सकाळी घाईत तो चार्जिंगलाच विसरून गेला होता, त्याच्या त्या खोलीत, जिथे टेबलावर रंगांच्या इवल्याशा बाटल्या आणि अर्धवट जोडलेले रणगाडे असतात. गंधालीला आज सुट्टी होती. एरवी ती बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर रुजत घातलेली कपाशी मोजत बसते. आज ती कपड्यांच्या घड्या करत होती, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, बद्रीनाथ कटर. धावड्याचा बद्रीनाथ, मार्तंडच्या पोलाद कारखान्याच्या भंगारयार्डात गॅसनं लोखंड कापणारा. दिवाळीला एकदा घरी येऊन गेलेला, ओट्याच्या पायरीवर बसून चहा घेतलेला. मागे लोखंडाचा खणखणाट चालू होता. “साहेब, बद्रीनाथ बोलून राह्यलो. जर्मलची टाकी आलीय. लोखंडी पट्टे हायेत तिला. समदीकडून बंद हाये. फोडू का तशीच जाऊ देऊ?” साहेब नाहीत, मी बोलतेय, असं ती म्हणाली. “म्याडम का? मंग सांगा बरं जल्दी, इथं लय घाई चालूय.” आणि गंधाली हसली होती. अगदी मनापासून हसली होती. “त्यात विचारायचं काय? फोडू नका. जशीच्या तशी जाऊ द्या. साहेबांना फोडलेली चालत नाही.” “बरं बरं,” म्हणून त्यानं फोन ठेवला. आणि तिनं उरलेल्या घड्या गुणगुणत केल्या.

कारण या घरात जर्मन टँक म्हणजे एकच वस्तू. लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिल्या महिन्यातच तिला कळलं होतं की आपला नवरा पोलाद वितळवायची नोकरी करतो आणि जीव मात्र एका रणगाड्यात अडकवून बसला आहे. पँथर त्याचं नाव. मार्तंडला ते सगळं सांगायला कुणीतरी लागे आणि तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे आमटी वाढता वाढता तिनं ऐकलं होतं, की जर्मन फौजा रशियात घुसल्या आणि तिथले उतरत्या चिलखताचे रणगाडे बघून त्यांचे डोळे पांढरे झाले. गोळे त्यावरून घसरून जायचे. मग तसाच उतरत्या पत्र्याचा, पण वरचढ रणगाडा काढायचं ठरलं. दोन कंपन्यांनी आराखडे केले, एकीचा पास झाला. वजन तीस-पस्तीस टनांत बसवायचं होतं. वरून हुकूम येत गेले, चिलखत जाड करा, तोफ लांब करा, आणि होता होता ते पंचेचाळीसवर गेलं. चाकाला जोर देणारे शेवटचे गिअर मात्र साधेच राहिले, कारण चांगले गिअर कापायला पुरेशी यंत्रं नव्हती. हे सगळं गंधालीला नको होतं. एखाद्या बाईला शेजारच्या घरातल्या भांडणातली सगळी नावं पाठ असावीत, तसं तिला ते नकळत पाठ झालं होतं. तो त्या रणगाड्यांचे प्लास्टिकचे सुटे भाग मागवायचा, रात्र रात्र चिकटवायचा. एकदा खोक्यात काय आहे बघू म्हणून कुणीतरी ते फोडलं, पट्ट्याच्या चार कड्या हरवल्या, आणि स्वारी आठवडाभर तोंड पाडून होती. हल्ली तो खोकी घरी न मागवता कारखान्याच्या पत्त्यावर मागवतो, बायकोचा चेहरा बघायला नको म्हणून, असा तिला दाट संशय होता. म्हणूनच ती हसली. सापडला चोर, असं वाटून हसली. संध्याकाळी कसं चिडवायचं तेसुद्धा तिनं मनात जुळवून ठेवलं होतं.

आता दुधाचं भगुनं हातात धरून तिला वाटलं, आपलीच भाषा या माणसानं आपल्या कानातून काढून घेतली. आजीचा शब्द होता तो. त्या शब्दाच्या जागी त्यानं स्वतःचं युद्ध आणून बसवलं, आणि आपण ते बसू दिलं. तिला त्याचा राग आला, इतका की क्षणभर भीती मागे पडली. मग ती दुप्पट होऊन परत आली. कारण बंद टाकी म्हणजे काय ते तिला माहीत होतं. लग्नानंतर हौसेनं तो तिला भट्टी दाखवायला घेऊन गेला होता. लोखंडी चौथऱ्यात रुतलेला तो पांढरा डोळा बघून ती चार पावलं मागे सरली होती आणि तो कौतुकानं सांगत होता, यात काय वाट्टेल ते टाका, सायकल टाका, नांगर टाका, जहाजाचा तुकडा टाका. फक्त बंद वस्तू टाकायची नाही. डबा असो, पाइप असो, सिलिंडर असो, आधी कापून उघडा करायचा. आत नुसती हवा कोंडलेली असली तरी दणका बसतो, आणि पाणी असलं तर एका क्षणात वाफ होते. मग भट्टीतलं लोखंड छतापर्यंत उडतं. तिनं विचारलं होतं, आणि तिथं उभी असलेली माणसं? त्यावर मार्तंडनं तिचा हात धरून तिला आणखी मागे घेतलं होतं. तो तिथंच उभा असतो. दिवसभर, भट्टीच्या काठावरच्या त्या लोखंडी चौथऱ्यावर, तो आणि सळया घेतलेली आणखी पाच-सहा माणसं.

तिनं बद्रीनाथला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. हातात पेटलेला गॅस असताना खिशातला फोन कोण काढतो? मग कारखान्याच्या फाटकावर लावला. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, साहेब वर भट्टीवर हायेत म्याडम, निरोप देतो की. “निरोप नको, भट्टी थांबवायला सांगा! आत्ताच्या आत्ता!” “कुनाला सांगू म्याडम? मला फाटक सोडून जाता येत न्हाई.” त्याच्या आवाजात हसू होतं का? असावं. एखाद्या साहेबाच्या बायकोनं घरून फोन करून भट्टी थांबवायला सांगणं, हे त्याला आज संध्याकाळी चहाबरोबर पुरणार होतं. गंधालीनं फोन ठेवला, स्कूटरची किल्ली घेतली. “आई, गॅस बघा,” एवढंच ती म्हणाली. “अगं पर चालली कुठं?” सगुणाबाई दारापर्यंत आल्या. मुलगा भट्टीवर उभा आहे, आणि मीच, असं काहीतरी तोंडापर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं. म्हातारीच्या हातात नुसती भीती ठेवून जाण्यात काय अर्थ होता?

भोकरदन नाक्यावर उसाच्या ट्रॉल्या आडव्या लागल्या होत्या. ऊन असं होतं की डांबराला वास सुटला होता. गंधाली ट्रॉलीच्या मागे एक पाय जमिनीवर टेकून उभी राहिली आणि नको असताना तिच्या डोक्यात मार्तंडचा आवाज सुरू झाला, जेवताना लागायचा तसा सलग, थोडा घोगरा. रशियातली कुर्स्कची मोठी चढाई, गंधाली, कितीदा पुढे ढकलली, का तर हे नवे रणगाडे येऊ देत म्हणून. एका सेनापतीनं स्पष्ट सांगितलं होतं, माल तयार नाही. कुणी ऐकलं नाही. दोनशे गाडे रेल्वेनं नेले, आणि स्टेशनावरून आघाडीकडे जाताना त्यातले दोन आपोआप पेटले. शत्रूनं अजून एक गोळी झाडली नव्हती. का पेटले सांग? ती म्हणायची, मला काय माहीत. त्याला तेच उत्तर हवं असायचं. अगं, नदीतून जातानाही इंजिन कोरडं राहावं म्हणून इंजिनाची खोली चारी बाजूंनी बंद केली होती. पाणी आत जाईना, तशी उष्णताही बाहेर येईना. त्यात पेट्रोल गळायचं. बंद, गंधाली, बंद केलं ना, तिथे चुकलं. ट्रॉली हलली. तिनं स्कूटर तिच्या आणि दुभाजकाच्या मधल्या फटीतून घातली आणि मागून कुणीतरी शिवी हासडली. आठवडा सरायच्या आत आघाडीवर धड चालणारे जेमतेम दहा गाडे उरले. काही सुरुंगांवर गेले, काहींना तोफांनी गाठलं, पण कितीतरी नुसते बंद पडून वाटेत उभे होते, नवेकोरे. पुढे तोच रणगाडा सुधारला, त्याच्या तोफेनं दोन दोन किलोमीटरवरून समोरचा गाडा टिपला, फ्रान्समध्ये लढला, बर्फात लढला, सहा हजारांच्या आसपास निघाले. पण गिअर शेवटपर्यंत तसेच. दीडशे किलोमीटर गेला की गिअर गेला. दोष लोखंडाचा नव्हता, तो घास तोंडात तसाच ठेवून म्हणायचा, सांगणाऱ्याचं ऐकलं नाही हा दोष. आणि तिला दरवेळी वाटायचं, तू तरी कुणाचं ऐकतोस? गच्चीवरची पाण्याची टाकी गळते म्हणून मी दोन महिने सांगतेय.

औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागल्यावर हवेतच लोखंडाची चव येऊ लागली. दोन्ही बाजूंना भंगाराचे ट्रक ओळीनं उभे होते. हे भंगार कुठून कुठून येतं, बंदरावरून, मोडलेल्या जहाजांतून, परदेशातून. मार्तंड म्हणायचा, यात कुठल्या लढाईचे तुकडे असतील सांगता येत नाही. एखाद्या दिवशी पँथरचा तुकडासुद्धा माझ्याच हातून वितळेल. हे म्हणताना त्याचे डोळे चमकायचे. आणि तेव्हाच, एका ट्रकला वळसा घालताना, गंधालीच्या मनात अगदी शांतपणे एक विचार आला. फोन झाला तेव्हा मी खोलीत एकटी होते. मी काय बोलले ते फक्त बद्रीनाथला माहीत आहे. काही झालंच तर म्याडम म्हणल्या असं तो सांगेल, आणि त्यावर कोण विश्वास ठेवणार? कापायचं काम त्याचं होतं. हा विचार इतका नीटनेटका, इतका तयार होता, की जणू तो घरापासून मागच्या सीटवर बसून आला होता. तिला स्वतःची शिसारी आली. पण तो गेला नाही. फाटक दिसेपर्यंत तो तसाच तिच्याबरोबर होता.

फाटकावरच्या माणसानं हात आडवा केला. “म्याडम, हेल्मेट बगैर आत—” ती थांबली नाही. स्कूटर तिनं चालू ठेवूनच टाकली आणि पळाली. शेडमध्ये शिरताना उष्णतेचा लोट अंगावर आला आणि त्याबरोबर भट्टीचा तो गुंजारव, कानात न ऐकू येता दातांत जाणवणारा. वर क्रेनचा मोठा गोल चुंबक नुकताच रिकामा होऊन यार्डाकडे परत जात होता. म्हणजे भंगार चौथऱ्यावर पडलं होतं. तो ढीग तिला खालून दिसला. गंजलेला, गुंतागुंतीचा, आणि त्याच्या कडेला सळया घेतलेली माणसं एकेक तुकडा भट्टीच्या तोंडाकडे ढकलत होती. प्रत्येक तुकड्यासरशी ठिणग्यांचा फवारा उठत होता. ती लोखंडी जिना चढली. हात कठड्याला लागला, भाजला. वर मार्तंड पाठमोरा उभा होता, पिवळं हेल्मेट, पाठीवर घामानं चिकटलेला शर्ट. त्या पाठीकडे बघून तिला रडू आलं. अजून आहे. अजून उभा आहे.

“तू? इथं कशी?” त्याचा चेहरा उतरला. “आईला काही झालं का?”

“भट्टी थांबवा.”

“काय?”

“थांबवा म्हणते ना! भंगारात बंद टाकी आलीय. ॲल्युमिनियमची. यात असेल.”

मार्तंडनं श्वास सोडला. मग तो हसला, अडाण्याला समजावताना हसतो तसं, आणि तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, “अगं, चुंबक ॲल्युमिनियम उचलतच नाही. ती टाकी खाली यार्डातच राहिली असणार. मधेच थांबवली तर अख्खी हीट, भट्टीतला सगळा माल, बोंबलेल. तू खाली जा बरं, इथं उभं राहू नकोस.”

त्याचं बरोबर होतं. नेहमीच त्याचं बरोबर असतं. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं, आता खाली जावं, पाणी प्यावं, घरी जाऊन दूध तापवावं. एका माणसानं सळई एका दाबलेल्या पत्र्याच्या गठ्ठ्याखाली घातली. आणि तिला फोनवरचं ते दुसरं वाक्य आठवलं, ज्याच्यामुळे तिची इतकी पक्की खात्री पटली होती. रणगाड्याला पट्टे असतात. पट्ट्यांवर तर तो चालतो.

“तिला पट्टे आहेत,” ती किंचाळली. “लोखंडी! लोखंडी पट्टे आहेत तिला!”

मार्तंड तिच्याकडे बघत राहिला. हे तुला कुणी सांगितलं, तुला कसं माहीत, यातलं काही त्यानं विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं आणि त्यानं दोन्ही हात वर करून एकमेकांवर आडवे धरले. पलीकडच्या काचेच्या खोलीत कुणीतरी खटका ओढला. दातांतला गुंजारव उतरत उतरत बंद झाला. सळया थांबल्या. माणसं मागे सरली आणि एकमेकांकडे बघू लागली, आणि त्या शांततेत गंधालीला स्वतःचा धापा टाकणारा श्वास लाजिरवाणा मोठा ऐकू आला.

“सर्जेराव, तो गठ्ठा ओढ. मागं ओढ. हळू.”

हातातली सळई ठेवून सर्जेरावानं लांबून आकडा टाकला. पत्र्याचा गठ्ठा कडेला सरकला आणि त्याच्याखालून ती निघाली. एखाद्या मोठ्या ट्रकची असावी. मळकट, पोचे आलेली, झाकण गच्च बसलेलं, आणि अंगाभोवती आवळलेले दोन गंजके पट्टे. किती सामान्य दिसत होती. सर्जेरावानं पुन्हा आकडा लावून ओढली तशी ती एकदा कुशीवर वळली, आणि आत पाणी डुचमळलं. बस, एवढाच आवाज झाला. घागर कमरेवर घेताना होतो तेवढा. चौथऱ्यावरच्या प्रत्येकानं तो ऐकला. सर्जेरावाच्या हातातला आकडा गळून पडला आणि तो कठड्याला पाठ लावून हळूहळू खाली बसला. मार्तंडनं हेल्मेट काढलं, परत घातलं, परत काढलं.

मग त्याला राग आला. जिवावरचं टळलं की माणसाला कुणावर तरी ओरडावंच लागतं. “बद्रीनाथला बोलवा! बोलवा त्याला वर!” बद्रीनाथ जिन्यावरून आला, डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवलेला, केस पांढरे, हातात अजून मोजे. टाकी बघून तो जिन्याच्या तोंडाशीच थबकला. “ही तुझ्या हातून आली? बंद? न कापता? माणसं मेली असती इथं, कळतं का तुला? उद्यापासून यायचं नाही. आत्ता जा. नजरेसमोरून जा!” बद्रीनाथनं तोंड उघडलं, एकदा गंधालीकडे पाहिलं आणि मिटलं. तो सांगणार नव्हता. तिनं वाटेत मांडलेला सगळा हिशेब फुकट होता, हा माणूस म्याडम म्हणल्या असं म्हणणारच नव्हता. आता फक्त गप्प राहायचं होतं.

“त्यांना मी सांगितलं,” गंधाली म्हणाली. तिचा आवाज बसला होता, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. “फोडू नका, तशीच जाऊ द्या, असं मी सांगितलं. फोनवर. तुमचा फोन घरी राहिला होता.”

“तू? तू का म्हणून?”

“मला वाटलं, तुमचा रणगाडा आला. खोक्यातला. जर्मन टँक.”

कुणी हसलं नाही. मार्तंडच्या ओठांना हसल्यासारखं काहीतरी झालं, ते डोळ्यांपर्यंत पोचायच्या आधीच मोडलं, आणि तो तिच्यासमोर सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तिला त्याला हात लावावासा वाटला. लावला नाही. तिचा रागही अजून होता, भीतीही होती, आणि या दोन्हींच्या खाली, हा माणूस आपण म्हटल्याबरोबर एका शब्दानं न विचारता थांबला, याचं एक दुखरं नवल होतं.

ती बद्रीनाथकडे वळली. “बद्रीनाथ, बंद वस्तू आत जात नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“म्हाईत कसं नसंल म्याडम? जिंदगी गेली यात.”

“मग?”

“फोडायला टाइम लागला असता, म्हणून इचारलं. तुम्ही म्हणल्या, साहेबाला फोडलेली चालत न्हाई. मला वाटलं साहेब जेवायला घरी गेल्ते, बाजूलाच असतील.” तो हातातला मोजा ओढत होता. “मनात आल्तं, हे काय बराबर न्हाई. पर म्हणलं, साहेबाचंच सांगणं असंल. वरून सांगितल्यावर पुन्हा कसं इचारावं?”

“विचारायचं,” गंधाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. “पुन्हा विचारायचं. मी सांगो, साहेब सांगोत, कुणीही सांगो. पटलं नाही तर ऐकायचं नाही. कळलं?”

“जी म्याडम,” बद्रीनाथ ताबडतोब म्हणाला, मान खाली घालून, एकही प्रश्न न विचारता, आणि गंधालीच्या अंगावर सर्रकन काटा आला.